औषध न्हाई, मुळी हाय

पहिल्याच भेटीत मी त्यांना तोंडावर लफंगा म्हणाले होते.

वसमतला हळदीच्या एका गोदामावर त्यांची खोली होती. बाहेरून लोखंडी जिना, वर सताड उघडं दार आणि दारात मी. खांद्याला पत्रकांची पिशवी, हातात मोबाइल, रेकॉर्डिंग चालू.

"तुम्ही लोकांना चिनी औषधं विकता. तुम्ही लफंगे आहात."

ते एका छापील कागदावर फूटपट्टी ठेवून ओळी मोजत होते. वर न बघता म्हणाले, "कशाच्या तुलनेत?"

"म्हणजे?"

"लफंगा कशाच्या तुलनेत? रिटायर मास्तरांच्या की औषधं विकणाऱ्यांच्या? दोन्हीकडं माझा नंबर वेगवेगळा लागेल. बसा. मोबाइल चालू राहू द्या, फक्त पंख्यापासून लांब धरा. नाहीतर घरी जाऊन नुसती घरघर ऐकाल."

ते रेकॉर्डिंग माझ्याकडं अजून आहे. सुरुवातीला मी तीनदा ओरडते. नंतर माझा आवाज जवळजवळ नाहीच.

आमचा पाच-सहा जणांचा गट आहे. भोंदू इलाजांविरुद्ध आम्ही पत्रकं काढतो आणि कळमनुरीच्या आठवडी बाजारात, एसटी स्टँडवर, जत्रेत वाटतो. पत्रक लिहायचं काम माझं. लिहायचं म्हणजे सुळसुळाट, थैमान, राजरोस लूट हे शब्द एकामागून एक रचायचे, हे मी सतराव्या वर्षीच शिकले होते आणि त्याचा मला अभिमानही होता. वसमतला कुणीतरी 'चायनावाले सर' आहेत, त्यांच्याकडं चिनी काढ्यांची पोती भरलेली आहेत, असं कानावर आल्यावर मी कुणाला न विचारता पहिली एसटी पकडली.

पोती खरोखर होती. तीन. त्यात कागद होते.

सरांनी आयुष्यभर एका आयुर्वेद कॉलेजात द्रव्यगुण शिकवलेलं. म्हणजे कोणती वनस्पती, तिचा कोणता भाग, तो अंगात जाऊन काय करतो, हा विषय. रिटायर झाल्यावर त्यांनी एकाही माणसाला एकही पुडी दिली नाही. नाडी बघा म्हणून कुणी हात पुढं केला तर ते शेकहँड करायचे. दिवसभर एकच काम: चिनी काढ्यांवर दवाखान्यांत जे प्रयोग झाले त्यांचे निबंध मोबाइलवर शोधायचे, समोरच्या चाचांच्या झेरॉक्सच्या दुकानात छापून घ्यायचे, वाचायचे आणि पोत्यात टाकायचे. पोती खालच्या गोदामातली होती. त्यामुळं सगळे निबंध कडेनं पिवळे झालेले आणि कुठलाही चाळला की बोटं हळदीची व्हायची.

पोत्यांवर स्केचपेननं नावं होती. पहिलं, 'माणसं आहेत'. दुसरं, 'माणसं आहेत, पण हरवली'. तिसरं, 'माणसंच नाहीत'.

तिसरं पोतं फुगून शिवण सोडायला आलं होतं. त्यात कॉम्प्युटरवर काढलेली जाळी होती. काढ्यात अमुक वनस्पती, वनस्पतीत अमुक रसायन, ते शरीरातल्या अमुक ठिकाणी चिकटत असावं, अशा हजार रेघा, आणि निबंध संपला. "ह्याची सध्या फार चलती आहे," सर म्हणायचे. "कुणाला एक चमचा पाजायला नको, कुणी उलटी करत नाही. कोळी तरी जाळं विणतो ते माशी धरायला."

दुसऱ्या पोत्यात जुने निबंध जास्त. इकडच्या रुग्णांना नेहमीच्या गोळ्या, तिकडच्यांना गोळ्या आणि वर काढा, आणि निकाल कायम एकच: काढेवाले जास्त बरे. कुणी मधेच सोडून गेलं का, कुणाला त्रास झाला का, काही लिहिलेलं नाही. "ह्या मासिकात कुणी आजारीच राहत नाही," सर गंभीरपणे म्हणायचे. "आपण तिथंच राहायला जावं."

पहिलं पोतं निम्मंसुद्धा भरलेलं नव्हतं, पण सरांचा जीव त्याच पोत्यात. अलीकडच्या वर्षांत चिनी संशोधकच आपल्या लोकांच्या चुका काढायला लागले होते. काढ्यातल्या प्रत्येक वनस्पतीचं शास्त्रीय नाव लिहा, मूळ की पान ते लिहा, कुठून आणली ते लिहा, किती लोक सोडून गेले आणि का, ते लिहा, खोटा काढा देऊन तुलना करा. असा एखादा निबंध हाती लागला की सर चाचांच्या दुकानात उभ्याउभ्याच तो वाचून काढायचे आणि स्वतःच्या खर्चानं सगळ्यांना चहा सांगायचे. मग तो काढा बिनकामाचा निघालेला असला तरी. बिनकामाचा निघाला तर चहाबरोबर भजी यायची.

"सर, तुमच्या कागदांनी माझी मशीन शिकून राहिली," चाचा म्हणायचे. "माझ्या पोरांपेक्षा तिला जास्त येत असंल."

मी एकदा विचारलं होतं, चीनच काहून? आपलं आयुर्वेद सोडून?

"आपल्या काढ्याला प्रश्न विचारला की दोन्हीकडून लोक अंगावर येतात. एक म्हणतात, धर्म बुडवायला निघाला. दुसरे, म्हणजे तुमच्यासारखे, म्हणतात, पाचोळ्यात काय तपासायचं? चिनी काढा कुणाच्या सोयऱ्याधायऱ्यात नाही. त्याला निवांत तपासता येतं. आणि आरसा कुणाच्या घरातला आहे ह्यानं तोंड बदलत नाही."

पहिल्या भेटीच्याच दिवशी मी पत्रकात त्यांना अर्धवट डोक्याचा म्हातारा म्हणून सोडून दिलं असतं. पण ते मला दुसऱ्यांदा या म्हणाले, आणि मी गेले. काहून गेले ते मलाही नीट सांगता येत नाही. त्या खोलीत कुणीतरी माझं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घ्यायचं आणि मग त्यातला एक शब्द काढून हातात द्यायचं. हे माझ्या बाबतीत आधी कुणी केलं नव्हतं.

'कशाच्या तुलनेत' हा त्यांचा रोजचा शब्द. चहा चांगला झालाय म्हटलं तरी तेच. आज लई ऊन आहे, तेच. चाचा एकदा म्हणाले, पाठ बरी आहे आता. सर म्हणाले, कशाच्या तुलनेत? चाचा म्हणाले, "तुमच्या सवालाच्या तुलनेत सर. हे दुखनं त्याच्याहून कमी हाय."

मोबाइल चिनी मजकुराचं मराठी करून द्यायचा ते तर ऐकण्यासारखं. 'यकृताची हवा अडकली.' 'प्लीहा ओलसर.' मी हसायला लागले की सर बोट वर करायचे. "हसू नका. आणि आपल्या वातासारखंच आहे, असंही म्हणू नका. दोन्हीत घाई सारखीच."

त्यांनी केलेला खोटा काढा मी मरेपर्यंत विसरणार नाही. गोळीचं सोंग सोपं, खडूची गोळी करता येते. पण काढ्याला रंग आहे, वास आहे, जिभेवर बसणारा कडूपणा आहे. बिनऔषधाचा काढा करून रुग्णाला फसवायचं कसं, हा प्रश्न चिनी लोकांना पडला होता, म्हणून तो सरांनाही पडला. दोन आठवडे त्यांच्या खोलीत करपलेल्या गुळाचा आणि कारल्याचा वास होता. मेथ्या, कारलं, जळका गूळ, वासापुरता चमचाभर खरा काढा. शेवटी एका दुपारी त्यांनी सहा पेले मांडले. दोन खरे, चार खोटे. मला एकही ओळखता आला नाही. चाचांनी सहाही पेले चवीनं प्यायले, मिशा पुसल्या आणि बरोबर दोन्ही खऱ्यांवर बोट ठेवलं.

सर खाली बसले. "चवीवरून?"

"चव तर सगळ्यांची सारखीच वाईट."

"मग वासावरून?"

"न्हाई सर. चार पेले पिताना तुमी माझ्या तोंडाकडं बघून राहिले होते. ह्या दोन टायमाला तुमी खिडकीतून बाहेर बघितलं."

सर उठले आणि त्यांनी चाचांना हात जोडले. थट्टेनं नव्हे. "देणाऱ्याला माहीत असलं की त्याचा चेहरा बोलतो," ते मला म्हणाले. "हे लिहून ठेवा. जगात मोठमोठे लोक ह्यात पडलेत, मीही आज पडलो."

मी लिहून ठेवलं. ते माझ्याबद्दलही आहे हे तेव्हा कळलं नाही.

त्या हिवाळ्यात आमच्या गटानं सर्वेक्षण केलं. कळमनुरीच्या आजूबाजूची गावं, घरोघर जायचं, छापील फॉर्म. पहिलाच प्रश्न: तुम्ही जडीबुटीचं किंवा गावठी औषध घेता का? बहुतेक सगळे म्हणाले, न्हाई. एका गावात तर एक बाई अंगावरच आली. "औषध काहून घिऊ मी? माझं लेकरू लहान हाय." मी फॉर्मवर लिहिलं, नाही. मग विजयाचं पत्रक तयार केलं. 'जनजागृतीचा दणका. गावागावांतून जडीबुटी हद्दपार.'

सर माझी पत्रकं छापण्याआधी वाचायचे, हातात शिसपेन्सिल घेऊन. विशेषणं खोडायचे. एकदा 'थैमान' सात वेळा आला म्हणून त्यांनी प्रत्येक थैमानाला नंबर घातले होते. ह्या पत्रकावर मात्र त्यांनी काही खोडलं नाही. फक्त विचारलं, "ती बाई चिडली काहून?"

"काय माहीत. अडाणी असेल."

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "अडाणी कोण ते नंतर ठरवू. तुमच्या गावात कुणी औषध घेतलं म्हटलं, तर लोकांना काय समजतं?"

आमच्याकडं औषध घेतलं म्हणजे फवाऱ्याचं औषध प्यायलं. जीव द्यायला. ज्यांच्या घरात असं झालंय त्या घरांच्या दारात उभं राहून मी हसतमुखानं विचारत होते, तुम्ही औषध घेता का? मी ह्याच मातीतली. माझ्या घरातही कीटकनाशकाच्या बाटलीला औषधच म्हणतात. पण फॉर्म हातात आला की मी पत्रकाचं मराठी बोलायला लागते आणि माझ्याच गावाचं मराठी मला ऐकू येत नाही.

"तुमचा हा कागद दुसऱ्या पोत्यातला आहे," सर म्हणाले. "सगळे बरे. हे लोक काही घेत नाहीत, की तुम्हाला सांगत नाहीत, एवढं मला सांगा."

"मग काय विचारायचं?"

"औषध हा शब्दच काढा. सकाळी उठल्यापासून तोंडात काय काय जातं ते विचारा. क्रमानं. आणि विचारताना खिडकीतून बाहेर बघा."

मला राग आला होता. मी म्हणाले, दुसऱ्यांचं जाऊ द्या, माझ्या घरी चला. माझी आई तरी माझ्याशी खोटं बोलत नाही. आणि तसंही आमच्याकडं हळद शिजवणं चालू होतं, ते त्यांना बघायचं होतंच.

सर एसटीनं आले. शेतात कढया बघितल्या, वाफेत उभे राहिले, चष्मा पुसला. मग घरी आले आणि ओसरीवर आईच्या समोर बसले. आईनं चहा दिला.

"बाई, एक विचारू? सकाळी उठल्यावर पहिल्यांदा तोंडात काय जातं?"

आई पदराआड हसली. "मिसरी. पोरीला सांगू नका."

पोरगी शेजारीच बसली होती.

"मग?"

"मग चहा. मग भाकर टाकायच्या आदी ती मुळी उगाळून घेते, बोटभर पाण्यात."

"कशाची मुळी?"

"गुडघ्याची. सापाची मुळी म्हंत्यात तिला. बाजारात मामाकून आणते. दोन वर्सं झाली. लई गुण हाय."

मी उभी राहिले. "आई, तू मला म्हणली होतीस औषध घेत न्हाई म्हणून. मी फॉर्म भरलाय तुझा."

"औषध न्हाई, मुळी हाय," आई म्हणाली. "औषध फवाऱ्यात असतं. आन तुला सांगून काय करू? तू घरात माईक घिऊन आली असती."

ह्यावर सर हसले नाहीत, ह्याबद्दल मी त्यांचे आजही आभार मानते.

आईनं मोहरीच्या डब्यातून मुळी काढून दिली. करंगळीएवढी, पिळलेली. सरांनी ती नखानं खरवडली, हुंगली. पुन्हा हुंगली. माझ्याकडं दिली. कापरासारखा वास होता.

"तुमच्या नव्या पत्रकात हिला काय म्हटलंय?"

ते पत्रक माझ्या पिशवीतच होतं, दुसऱ्या दिवशी छापायला जाणार होतं. बाजारातल्या त्याच मुळीविरुद्ध. मी कुठंतरी वाचून लिहिलं होतं की सापाची मुळी म्हणजे सर्पगंधा, तिनं रक्तदाब घसरतो, चक्कर येते, सावधान.

"सर्पगंधेला असा वास नसतो," सर म्हणाले. "ही मला ईश्वरी नावाच्या वेलीची वाटते. वासावरून खात्री देत नाही, तपासून घेऊ. पण बाई, आजपासून ही बंद."

सरांनी कुणाला हुकूम दिलेला मी पहिल्यांदा ऐकला. तुलना नाही, शंका नाही. बंद.

आईनं विचारलं, काहून? आणि सरांनी तिला चीनची गोष्ट सांगितली, पोत्यातली. तिकडं फांगजी नावाच्या दोन वेगवेगळ्या मुळ्या आहेत. परदेशात काही बायका वजन कमी करायला चिनी औषध घेत होत्या. त्यात एकीच्या जागी दुसरी गेली. ती दुसरी आपल्या ईश्वरीच्या कुळातली. कुणाला महिनोन्महिने काही जाणवलं नाही. दुखत नाही, खुपत नाही, आतल्या आत मूत्रपिंडं वाळत जातात.

"म्हंजी दोन शांताबाई," आई म्हणाली.

"बराबर. एकीला बोलावलं, दुसरी आली."

मग माझ्याकडं वळून ते हळू आवाजात म्हणाले, "तुमचं पत्रक वाचून बाईंनी चक्कर येते का बघितलं असतं. चक्कर आली नसती. मुळी चांगली निघाली म्हणून आणखी घेतली असती."

मी ते पत्रक तिथंच चुलीत घातलं. चूल हळूहळू पेटत होती. थैमान, सुळसुळाट, सगळं जळायला बराच वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी सरकारी दवाखान्यात आईचं रक्त दिलं. रिपोर्ट यायला दोन दिवस. त्या दोन दिवसांत मी आईशी नीट बोलू शकले नाही. आई उलट मलाच समजावून राहिली होती, मला काय बी होत न्हाई, मी हळद काढते अजून. रिपोर्ट आला. क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचं काम किती चाललंय ते सांगणारा आकडा, थोडा वर होता. तो घेऊन नांदेडला गेलो, तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की मुळी वेळेत थांबली, आता दर तीन महिन्यांनी तपासत राहा. तिकडं सरांच्या एका जुन्या विद्यार्थ्यानं प्रयोगशाळेत मुळी बघितली. ईश्वरीच.

मी वसमतला गेले ते मथळा घेऊनच. 'मारेकरी बाजारात बसला आहे.' खाली मामांचा फोटो टाकणार होते. मामा म्हणजे जडीबुटी विकणारे म्हातारबा. कळमनुरीच्या बाजारात लिंबाखाली चटई टाकून बसायचे, सगळा तालुका त्यांना मामा म्हणतो. सरांनी मथळा वाचला. पेन्सिल उचलली नाही.

"छापा," ते म्हणाले. "त्याआधी फक्त आईला विचारलं तेच मामांना विचारून या. माईक न नेता."

मी गेले ते सरांना खोटं पाडायला. बाजार भरला होता. मी चटईसमोर उकिडवी बसले.

"मामा, सकाळी उठल्यावर तोंडात काय जातं तुमच्या?"

"काहून ताई? आता पत्रकात माझं जेवण छापून राहिल्या का?"

"सांगा ना."

"चहा. मंग ही." त्यांनी मुळ्यांच्या ढिगावर हात ठेवला. "माझे बी गुडघे गेलेत. बाप म्हनायचा, इकायचं ते आदी आपन खायचं. गिऱ्हाइकाच्या समोर खातो मी. म्हनून तर लोक घेत्यात. चौदा-पंधरा वर्सं झाली असतील."

माझी आई दोन वर्षं. हे पंधरा. मी मथळा खिशात घेऊन बसले होते.

मामांना दवाखान्यात न्यायला मला तीन बाजार लागले. माझ्यासोबत ते यायला तयार नव्हतेच. शेवटी आई गेली आणि म्हणाली, "मामा, तुमच्या मुळीनं माझं हे झालं. चला, तुमचं बी बघू." ते मुकाट्यानं उठले.

त्यांचा आकडा आईच्या कितीतरी पट होता. डॉक्टरांनी नांदेडला मूत्रपिंडाच्या डॉक्टरांकडं लगेच जायला सांगितलं. बाहेर बाकड्यावर मामा, आई, मी, आणि कडेला सर, वसमतहून आलेले. मामांनी रिपोर्ट उलटासुलटा करून बघितला, घडी घातली. रडले नाहीत, भांडले नाहीत. मग सरांना म्हणाले, "ते झालं ते झालं. आता लोक येतील माझ्याकं. गुडघ्याला काय देऊ त्यायला?"

मी सरांकडं बघितलं. माझ्या आयुष्यातल्या एकाही पत्रकात ह्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. प्रश्नही नव्हता. आम्ही लोकांच्या हातातली मुळी हिसकावत होतो आणि तो हात रिकामाच सोडून पुढच्या गावाला जात होतो.

"शेक, थोडा व्यायाम, वजन उतरवणं, ह्यानं आराम पडतो, हे तपासलेलं आहे," सर म्हणाले. "पण तुमच्या मुळीसारखं, उगाळून घेतलं आणि गुडघ्याचं दुखणं गेलं, असं काही मला माहीत नाही, मामा. मी पुष्कळ वाचलंय. माहीत नाही."

मामांनी मान हलवली. "तुमी मास्तर असून म्हाईत न्हाई म्हनता, म्हंजी खरंच नसंल." मग माझ्याकडं वळले. "ताई, पत्रक काढनार ना तुमी? माझं नाव टाका. मी सांगतो तसं लिहा. तुमचं कोन ऐकतंय? माझं ऐकतील."

ते सांगत गेले आणि मी फॉर्मच्या मागच्या बाजूला लिहून घेतलं. 'सापाची मुळी म्हणून मी जी विकत होतो तिचं खरं नाव ईश्वरी. मी सोता खाल्ली. माझ्या किडन्या खराब झाल्या. ज्यानं ज्यानं माझ्याकून नेली त्यानं बंद करावी आन रगत तपासावं. दुखत नसलं तरी तपासावं. गुडघ्याला एका मुळीत काय इलाज हाय, ते मला म्हाईत न्हाई, ह्या पोरीला म्हाईत न्हाई, मास्तरला बी म्हाईत न्हाई.'

मी एक अक्षर बदललं नाही. चाचांनी प्रती काढल्या आणि त्याचे पैसे घेतले नाहीत. सरांनी दुकानात उभ्याउभ्या ते वाचलं, मग चाचांना वाचून दाखवलं, मग घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवलं. पोत्यात नाही. त्यानंतर दवाखान्यात रक्त तपासायला किती लोक आले ते मला सांगता येणार नाही, कारण त्यातले पत्रकामुळं किती आले हे कुणी विचारून ठेवलं नाही. पूर्वी मी हे वाक्य कधीच लिहिलं नसतं.

मागच्या वर्षी मुलगी सरांना पुण्याला घेऊन गेली. पोती चाचांकडं आहेत. मी अजून पत्रकं काढते, अजून चिडते, बाजारात माझा आवाज अजूनही पलीकडच्या गल्लीपर्यंत जातो. पण घरोघर फिरताना मी आता लोकांच्या अंगणातल्या झाडाकडं बघत विचारते, आणि लोक सांगतात. इतकं सांगतात की कधीकधी फॉर्मची मागची बाजूही पुरत नाही.

दर तीन महिन्यांनी आई आणि मामा एकाच एसटीनं नांदेडला तपासायला जातात. आईचा आकडा जिथं होता तिथंच थांबलाय. मामांचा थांबला नाही, त्यांना आता महिन्यातून दोनदा बोलावतात, तेव्हाही आई जाते सोबतीला. मी येऊ का म्हटलं तर नको म्हणते.

"काहून?"

"तू लई बोलतीस," आई म्हणते, आणि दोघांच्या भाकरी एका फडक्यात बांधते.